उतारावरची भाजी आणि चिमूटभर जस्त

आपल्या बिदर-भालकीच्या पट्ट्यात काळ्या रानाला कुणी ‘काळी’ म्हणते, कुणी ‘एरी’. लाल, मुरमाड रानाला मराठीत बरड म्हणायचे, कन्नडमध्ये मसारी. घरात दोन भाषा नांदत असल्या की मातीलाही दोन-दोन नावे मिळतात. तेलंगणाच्या सीमेवर गेले की तिसरे नाव ऐकू येते. तिथे काळीला ‘रेगडी’ म्हणतात आणि लाल, वाळूसर रानाला ‘चल्का’. नावे निराळी, पण तक्रार तिन्ही भाषांत एकच: “खत तर सगळे घातले, मग भाजी अशी का रुसली?” आजचा लेख या रुसव्याबद्दल आहे.

ही तक्रार मी अगदी जवळून ऐकली ती वांकिडीला. माझी मावसबहीण, आमची अक्का, लग्न होऊन तिथे गेली त्याला चाळीस वर्षे होत आली. वांकिडी पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली तेलंगणात नवे जिल्हे झाले, तेव्हापासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. एका अंगाला केरामेरीचे डोंगर, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्रातला जिवतीकडचा माणिकगड पहाड, आणि सरळ रस्ता धरला की राजुरा, पुढे चंद्रपूर. १९५६ पर्यंत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि आपले बिदरही त्याच हैदराबाद राज्यात. पुढे राज्ये वेगळी झाली, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. वांकिडीत तेलुगूइतकीच मराठी कानावर पडते, शेजारच्या पाड्यांवर गोंडी आणि कोलामी. मराठी बोलणाऱ्या माळी समाजाची घरेही या भागात बरीच आहेत.

अक्काच्या घरचे रान डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर आहे. वरच्या अंगाला चल्का, खाली विहिरीजवळ रेगडी. खाली कापूस आणि तूर, वरच्या तुकड्यात भाजीपाला. दाजी पाईपने पाणी वर चढवतात आणि वांगी, टोमॅटो, फ्लॉवर, मेथी, पालक पिकवून आठवडी बाजारात नेतात. त्या बाजाराला तिकडे ‘अंगडी’ म्हणतात. आपल्या कन्नडमध्ये अंगडी म्हणजे दुकान, आणि बाजार म्हणजे संते. पहिल्यांदा गेले तेव्हा “अंगडीला चल” म्हटल्यावर मी दुकानाची पिशवी घेऊन निघाले होते आणि अक्का हसत सुटली होती. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि देण्याघेण्यात जातो. भाजीचा पैसा आठवड्याला हातात पडतो, तोही अक्काच्या हातात. नातीची नर्सिंगची फी त्यातूनच भरली जाते. म्हणून भाजी रुसली की त्या घरी सगळ्यांचीच झोप उडते.

गेली तीन-चार वर्षे वरच्या तुकड्यातला फ्लॉवर बिघडत चालला होता. गड्डा लहान, त्यावर तपकिरी डाग, आणि दांडा कापला तर आतून पोकळ. शेजारी लावलेल्या मक्याची कोवळी पाने पांढुरकी पडत. खालच्या अंगाला मात्र तेच बियाणे, तेच खत, आणि पीक बरे. दाजींनी दरवेळी दुकानातून एकेक ‘टॉनिक’ची बाटली आणली. एका हंगामात हिरवी, दुसऱ्या हंगामात जांभळी. बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही नीट सांगता येत नव्हते. पैसे गेले, डाग गेले नाहीत.

वाचकहो, पिकाचे जेवण आपल्या जेवणासारखेच असते. नत्र, स्फुरद, पालाश ही त्याची भाकरी, भाजी आणि डाळ. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक ही दुय्यम अन्नद्रव्ये. त्यानंतर येतात सूक्ष्म अन्नद्रव्ये: जस्त, लोह, मँगनीज, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम अशी मंडळी. फोडणीत हिंग आपण किती घालतो? चिमूटभर. यांचेही तसेच. फरक एवढाच की हिंगावाचून आमटी खाता येते, जस्तावाचून पीक वाढत नाही. जस्ताला कन्नडमध्ये ‘सतु’ म्हणतात. प्रयोगशाळेत एक किलो मातीत पिकाला घेता येईल असे जस्त ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले, तर ती माती कमतरतेची समजतात. ०.६ मिलिग्रॅम म्हणजे बारीक साखरेचा जेमतेम एक दाणा. किलोभर मातीत तो एक दाणा असणे-नसणे यावर शेतकऱ्याचा हंगाम ठरतो.

ही अडचण एकट्या वांकिडीची नाही. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या देशव्यापी प्रकल्पात दोन लाखांहून अधिक मातीचे नमुने तपासले गेले. त्यांत सुमारे ३६ टक्के नमुन्यांत जस्त कमी निघाले आणि २३ टक्क्यांत बोरॉन. लोह सुमारे १३ टक्के, मँगनीज ७ टक्के आणि तांबे ४ टक्के नमुन्यांत कमी होते. कर्नाटकातही हेच दिसले. २००९ मध्ये तिथल्या सरकारने हैदराबादजवळच्या पटानचेरूच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ‘भूचेतन’ योजना सुरू केली. कोरडवाहू शेतांतल्या मातीत जस्त, बोरॉन आणि गंधक यांची कमतरता जागोजाग आढळली. मग जस्त सल्फेट, बोरॅक्स आणि जिप्सम शेतकऱ्यांना सवलतीत दिले गेले. पहिल्या वर्षी धारवाड, हावेरीसारखे सहा जिल्हे होते, पुढे ती राज्यभर पसरली. आपल्यापैकी अनेकांच्या माहेरी-सासरी त्या पिशव्या आल्याही असतील. पुढे किती जणांनी माती पुन्हा तपासली, हा प्रश्न आपापल्या घरी विचारावा.

आपल्या देशात जस्ताची ही गोष्ट पहिल्यांदा उलगडली तीही डोंगराच्या पायथ्याशीच, आणि उलगडणारा मराठी माणूस होता. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताच्या पानांवर खैराच्या लाकडाच्या रंगाचे डाग पडून पीक बसत असे. लोक त्याला ‘खैरा’ रोग म्हणत आणि त्यामागची बुरशी शोधत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की हा रोगच नव्हे. मातीत जस्त कमी पडले आहे. जस्त सल्फेट आणि चुन्याच्या फवारणीने पीक उठले. नेने पुढे इक्रिसॅटमध्ये आले. त्यांनी सिकंदराबादेत प्राचीन शेतीशास्त्राचा अभ्यास करणारी संस्था उभी केली. २०१८ मध्ये ते गेले.

जवळजवळ त्याच काळात दुसऱ्या एका भारतीयाने हेच जस्त माणसाच्या शरीरात शोधले. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधल्या शिराझला काम करत होते. विशीतले तरुण उंचीने दहा वर्षांच्या मुलाएवढे राहिलेले त्यांनी पाहिले. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे न फुगवलेली रोटी, आणि त्यातले काही जण माती खात. १९६१ मध्ये प्रसाद यांनी जस्ताच्या कमतरतेची शंका मांडली आणि नंतर इजिप्तमधल्या अभ्यासातून ती पक्की केली. त्याआधी माणसाला जस्त कमी पडू शकते हे वैद्यक मानत नव्हते.

आता डोंगराकडे वळू. उतारावरच ही पंचाईत जास्त का?

पिकाला मिळणारे जस्त मुख्यतः मातीच्या वरच्या वीतभर थरात असते, कारण पालापाचोळा कुजून झालेला कस तिथेच असतो. पहिल्या जोरदार पावसात उतारावरून वाहून जातो तो नेमका हाच थर. तो खालच्या शेतात, ओढ्यात, नाहीतर तळ्यात बसतो. वरचा तुकडा उपाशी, खालचा तुपाशी. बोरॉनचे आणखी वेगळे. ते पाण्याबरोबर खाली झिरपते, म्हणून वाळूसर चल्क्यात टिकत नाही. खालच्या काळ्या रानात निराळीच गंमत. तिथे चुनखडी असली की लोह भरपूर असूनही पिकाला मिळत नाही. कपाटात दागिने आहेत पण किल्ली हरवली, अशातला प्रकार. तेव्हा कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी असले तर उलट, आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात. पालक पिवळा दिसला की लगेच युरियाचे पोते उघडण्याआधी कोणते पान पिवळे आहे एवढे तरी पाहावे.

त्यात आपण आणखी एक करतो. डीएपी दरवर्षी मुठी भरभरून टाकतो. मातीत स्फुरद फार साठले की पिकाला जस्त घेणे जड जाते. म्हणजे खत घातल्यामुळेच उपासमार.

जुन्या माणसांना हे शास्त्र माहीत नव्हते, पण रीत माहीत होती. आदिलाबादच्या डोंगरात गोंड आणि कोलाम लोक उतारावरचे हलके रान दोन-तीन वर्षे पेरून मग काही वर्षे पडीक सोडत. ऑस्ट्रियन अभ्यासक हैमेनडॉर्फ १९४० च्या दशकात मारलवाईला गोंडांमध्ये राहिले आणि त्यांच्या जीवनावर पुस्तक लिहिले. त्यात या शेतीचेही वर्णन आहे. पडीक रानात झाडेझुडपे उगवत. त्यांची मुळे खोलवरची अन्नद्रव्ये वर ओढून घेत आणि गळलेल्या पानांतून ती पुन्हा मातीला मिळत. जंगले राखीव झाली, माणसे वाढली, आणि तुकड्याला विसावा देणे कुणालाच परवडेनासे झाले. आता दरवर्षी तोच तुकडा, कधी कधी वर्षातून दोनदा. घेणे चालू आहे, फेडणे बंद.

मागच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा दाजी जेसीबी सांगून बसले होते. उतार सपाट करायचा, म्हणजे पाणी सारखे बसेल. विचार चांगला, पण त्यात एक धोका होता. यंत्र वरची माती उकरून खाली लोटते आणि भाजीच्या वाट्याला येतो खालचा कच्चा, पांढुरका थर. सपाटीकरण केलेल्या शेतात पहिली काही वर्षे जस्ताची ओरड होते ती यामुळेच. मी म्हटले, “दाजी, जेसीबी येऊ द्या, पण आधी वरची वीतभर माती एका बाजूला ढीग करून ठेवा. सपाट झाल्यावर तीच पुन्हा पसरा.” दाजी म्हणाले, “दोन दिवसांचे भाडे जादा लागेल.” अक्का चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, “चार वर्षे बाटल्या आणल्या, त्यापेक्षा हे भाडे कमीच पडेल.” निर्णय झाला. वरची माती वाचली. उताराला आडवे दोन बांध घातले आणि त्यांवर गिरिपुष्प लावले. त्याचा पाला आता तिथेच कुजवून खत होतो.

त्याआधी आम्ही माती तपासायला दिली. हे काम सोपे आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते.

नमुना पीक निघाल्यावर, खत घालण्याआधी घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खड्डा करावा आणि त्याच्या भिंतीची पातळ चीप कापून घ्यावी. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा टाळावी. सगळी माती मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, असे करत अर्धा किलो उरवावी. सावलीत वाळवावी. आता त्या दोन गोष्टी. पहिली, उतारावरच्या शेताचा एकच नमुना देऊ नये. वरचा, मधला आणि खालचा असे तीन वेगळे द्यावेत. सगळे एकत्र केले तर उपाशी आणि तुपाशी मिळून सरासरी पोट भरलेले दिसते. दुसरी, सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी जस्ताच्या पत्र्याची बादली किंवा गंजलेले घमेले वापरू नये. बादलीचे जस्त मातीत उतरले तर कागदावर कमतरता दिसणारच नाही. प्लास्टिकची बादली आणि लाकडी पट्टी घ्यावी. अक्काने त्यासाठी घरातले जुने लाकडी उलथणे दिले.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासून मिळतात आणि त्यात जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन हे पाचही येतात. दाजींच्या पत्रिकेवर वरच्या तुकड्यात जस्त आणि बोरॉन कमी निघाले. खालच्या रेगडीत ते पुरेसे होते. म्हणजे चार वर्षे सबंध शेतावर फवारलेल्या बाटल्यांतला निम्मा पैसा जिथे गरज नव्हती तिथे गेला होता.

कमतरता निघाली तर सर्वसाधारण उपाय असा. जस्त सल्फेट एकरी आठ ते दहा किलो, शेणखतात मिसळून, लागवडीआधी. एकदा घातले की दोन-तीन हंगाम त्याचा गुण राहतो, दरवर्षी घालू नये. उभ्या पिकाला फवारायचे तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम जस्त सल्फेट आणि त्याच्या निम्मा विरलेला चुना. बोरॅक्स एकरी साधारण चार किलो, पण पत्रिकेवर कमी दिसले तरच. बोरॉनचे औषध आणि विष यांत अंतर फार थोडे असते, जास्त झाले की पाने कडेने करपतात. आपल्या शेताचे नेमके प्रमाण कृषी सहायकांना पत्रिका दाखवूनच ठरवावे. गच्चीवर कुंड्यांत भाजी करणाऱ्या भगिनींनी यातले काहीच मोजत बसू नये. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत त्यांना पुरते.

आता स्वयंपाकघराकडे. मातीत जस्त घातले की आपल्या ताटातही येते का? धान्यात ते काही प्रमाणात वाढते. पण खरे सांगायचे तर जस्तासाठी पालेभाजीवर विसंबू नये. ते जास्त मिळते धान्य, डाळी, तीळ, शेंगदाणे यांतून. बाईला दिवसाला साधारण १३ मिलिग्रॅम जस्त हवे असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले. लोहाचे दुखणे तर घरोघर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षय महाराष्ट्रात ६८.९ टक्के, कर्नाटकात ६५.५ आणि तेलंगणात ७० टक्के निघाला. तिन्ही राज्यांची सीमा या बाबतीत पुसलेलीच आहे. याचा दोष सगळा मातीला देता येत नाही. जंत, मलेरिया, अपुरे जेवण, लहान वयातली लग्ने ही कारणे मोठी आहेत. पण ताटातले धान्य आपल्याला निवडता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी दिली. त्याआधी २०१२ मध्ये राहुरीच्या विद्यापीठाबरोबर ‘धनशक्ती’ बाजरी आली. आपल्याकडे जोळद रोट्टी रोज होते, तर बियाणे विचारून घ्यायला काय हरकत आहे? मात्र मातीतच जस्त नसले तर असे वाण तरी ते आणणार कुठून?

आणखी एक. ज्वारी आंबवली की तिच्यातले जस्त आणि लोह शरीराला सोपे जाते. आपली आंबील, कन्नड अंबली, आणि अक्काच्या शेजारणींच्या घरची अंबलीही तीच. चहा-बिस्किटाच्या नादात ती सकाळच्या ताटातून गेली आहे. पालेभाजीवर लिंबू पिळायला विसरू नये आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, एवढे पथ्य सर्वांनाच झेपण्यासारखे आहे.

यंदा हिवाळ्यात अक्काच्या वरच्या तुकड्यातला फ्लॉवर सगळा सुधारला असे नाही. वरच्या टोकाचे दोन-तीन वाफे अजून खुरटेच आहेत. बाकीचे गड्डे मात्र पांढरे आले, दांडे भरीव निघाले, आणि बाटली एकही आणली नाही. वाचलेल्या पैशांत शेणखताच्या दोन ट्रॉल्या आल्या.

आपल्याकडे रब्बीची रास झाली की पावसापर्यंत रान मोकळे असते. तीच माती देण्याची वेळ. कर्नाटकातल्यांनी आपल्या होबळीच्या रैत संपर्क केंद्रात किंवा बिदरजवळ जनवाड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, महाराष्ट्र आणि तेलंगणातल्यांनी आपल्या कृषी कार्यालयात. पिशवीवर नाव, गट नंबर आणि ‘वर’, ‘मध्ये’ की ‘खाली’ हे लिहायला विसरू नका. आंबिलीच्या तिन्ही भाषांतल्या कृती मात्र पुढच्या वेळी.